जुन्या कपड्यांचा पैसा आणि न दिसणारे कष्ट

१. “कपाटातले जुने कपडे फोनवरून विका, घरबसल्या कमवा, कष्ट जवळजवळ शून्य!” अशा आशयाच्या चित्रफिती आज जगभरच्या तरुणांच्या पडद्यावर रोज झळकतात. पडदा नवा असला तरी धंदा फार जुना आहे. व्हेनिसच्या गल्ल्यांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत त्याने अनेकांची पोटे भरली. त्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : या धंद्यातले कष्ट खरोखर नाहीसे होतात, की ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतात?

२. टाकलेल्या कपड्याचा पुन्हा पैसा व्हायचा, तर चार कामे करावीच लागतात. घरोघरून कपडा गोळा करणे, चांगला-वाईट निवडणे, धुऊन-शिवून तो वापरण्याजोगा करणे आणि योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे. शतके बदलली, बाजार बदलले, पण यांपैकी एकही काम टळलेले नाही. ते कोण करतो आणि त्याचा मोबदला कोणाला मिळतो, एवढेच बदलत गेले.

३. यंत्रयुगापूर्वी कापड ही संपत्ती होती. सूत हाताने कातले जाई आणि एका मागाला पुरेल इतके सूत देण्यासाठी अनेक कातणाऱ्यांचे हात लागत. त्यामुळे अंगरखा, झगा, चादर या वस्तू युरोपात मृत्युपत्रांत नोंदल्या जात, गहाण पडत आणि चोरीलाही जात. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाच्या अठराव्या शतकातील नोंदी कपडे चोरल्याच्या खटल्यांनी भरलेल्या आहेत. चोराला कपडा हवा असे, कारण तो दुसऱ्या दिवशी सहज विकला जाई. सामान्य माणसासाठी अंगावरचा कोट म्हणजे अडीनडीला मोडता येणारी ठेवच होती.

४. इतक्या मोलाच्या वस्तूंचा धंदा प्रतिष्ठेचा असेल, असे वाटू शकते. प्रत्यक्षात तो बहुधा ज्यांना दुसरे दरवाजे बंद होते, त्यांच्या वाट्याला आला. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यूंना ‘घेट्टो’ नावाच्या वस्तीत राहणे सक्तीचे झाले. बहुतेक व्यवसाय त्यांना वर्ज्य होते. परवानगी होती ती मुख्यतः सावकारी, वैद्यकी आणि जुन्या वस्तूंच्या व्यापाराची. या व्यापाराला तेथे ‘स्त्रात्सारिया’ म्हणत. त्याच शहरात परदेशी वकील आले, की त्यांचे महाल सजवायला लागणारे सामान याच तिरस्कृत व्यापाऱ्यांकडून घेतले जाई.

५. हेच चित्र पुढे लंडनमध्ये दिसते. पाठीवर पोते टाकून “ओल्ड क्लो! ओल्ड क्लो!” असे ओरडत फिरणारा ज्यू फेरीवाला ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली तेथील ओळखीची आकृती होती. व्यंगचित्रकारांनी त्याच्या डोक्यावर एकावर एक टोप्या चढवून त्याला हास्यास्पद केले. शहर त्याला हसत होते आणि आपले जुने कोटही त्यालाच विकत होते.

६. पत्रकार हेन्री मेह्यू याने १८४९ पासून लंडनच्या कष्टकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. १८५१ साली ग्रंथरूपाने येऊ लागलेल्या त्याच्या लेखनात या धंद्याची बारीकसारीक माहिती सापडते. त्यातला एक वर्ग मराठी वाचकाला थांबायला लावील असा आहे. चिनीमातीची आणि काचेची भांडी टोपलीत घेऊन हे स्त्री-पुरुष दारोदार फिरत. भांडी ते पैशाने क्वचितच विकत, त्यांच्या बदल्यात जुने कपडे घेत. उतरलेल्या कपड्यांचा पूर्ण जोड दिला, तर चहाचा संच मिळे.

७. महाराष्ट्रात हेच काम करणारी स्त्री म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके आणि दुपारच्या शांततेत चाळीच्या जिन्यावर उमटणारी “भांडीऽऽ”ची हाक. मुंबईत हा व्यवसाय प्रामुख्याने गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रियांनी केला. या समाजातील अनेकांना आज ‘देवीपूजक’ हे नाव अधिक सन्मानाचे वाटते. लंडनच्या फेरीवाल्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरीही दोन दूरच्या महानगरांत एकाच गरजेतून एकच युक्ती जन्माला आली : घरात रोकड नसते, पण कपडा असतो.

८. या देवघेवीत दोन जाणकार समोरासमोर बसत. “आणखी एक साडी घाला, मग पातेलं,” असे बोहारणीने म्हणावे आणि “मग झाकणही द्यावं लागेल,” असे गृहिणीने सुनवावे. बोहारणीची नजर कापडाचा पोत, विरलेली घडी, फाटका काठ क्षणात टिपत असे. खऱ्या जरीच्या जुन्या साडीला विशेष मान असे, कारण कापड जाळले की जरीतली चांदी हाती येई. घरातल्या पुरुषांना विचारावे न लागता केलेला हा सौदा अनेक गृहिणींच्या हाती असलेल्या मोजक्या आर्थिक निर्णयांपैकी एक होता.

९. पाटी रिकामी झाली, की खरे काम सुरू होई. कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेले शिवायचे, बटणे लावायची, इस्त्री करायची. दिल्लीच्या रघुबीर नगरात वाघरी समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाट होण्याआधीच भरू लागतो. तेथून कपडे कामगारांच्या वस्त्यांत जातात. रेशमी साड्यांचे तुकडे पर्यटकांना विकल्या जाणाऱ्या उश्यांच्या अभ्र्यांत येतात. उरलेल्या चिंध्या यंत्रे पुसायला जातात. गृहिणीला दिसते ते फक्त एक चकचकीत पातेले. त्यामागची साखळी तिच्या दारापलीकडे असते.

१०. मेह्यूच्या लंडनमध्ये या मधल्या कामांना स्वतंत्र नावे होती. झिजलेला काळा कोट रंगद्रव्यांनी पुन्हा काळाभोर करणारा तो ‘रिव्हायव्हर’. जुने बूट वा कोट उसवून त्यांतून नवा घाट काढणारा तो ‘ट्रान्सलेटर’, म्हणजे शब्दशः भाषांतरकार! हाउंड्सडिच भागात १८४३ साली ‘ओल्ड क्लोथ्स एक्स्चेंज’ हा बंदिस्त बाजार उभा राहिला. तेथून माल आयर्लंडपासून हॉलंडपर्यंत जाई. दारोदारचे गाठोडे आता आंतरराष्ट्रीय व्यापारात शिरले होते.

११. जो कपडा कोणाच्याच अंगावर जाण्याजोगा उरत नसे, त्यालाही यंत्रयुगाने मोल दिले. यॉर्कशरमधील बॅटली येथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून, त्यांत नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढण्याची रीत रूढ केली. या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांना अशा हलक्या कापडाचे गणवेश पुरवून कंत्राटदार गबर झाले आणि ‘शॉडी’ या शब्दाला ‘निकृष्ट, फसवा’ हा अर्थ कायमचा चिकटला.

१२. या चिंध्या निवडत कोण होते? कार्ल मार्क्सने १८६७ च्या ‘भांडवल’ ग्रंथात त्याची नोंद केली आहे. जपानपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या चिंध्या इंग्लंडमध्ये येत आणि त्या निवडण्याचे काम मुख्यतः मुली आणि स्त्रिया करीत. चिंध्यांतून देवीसारखे साथीचे रोग पसरत आणि त्यांचा पहिला घाव या निवडणाऱ्यांवरच पडे. पुनर्वापराची किंमत त्यांनी स्वतःच्या शरीराने मोजली.

१३. बॅटलीचा वारसा आज हरियाणातील पानिपतकडे आहे. फाळणीनंतर येथे आलेल्या विणकरांनी या शहराच्या वस्त्रोद्योगाला बळ दिले. पुढे ते शॉडीचे जगातील एक प्रमुख केंद्र झाले. परदेशी स्वेटर-कोट येथे चिंध्या म्हणून येतात. ते भारतात कपडे म्हणून विकले जाऊ नयेत, यासाठी आधीच फाडून आणण्याचा नियम आहे. स्त्रिया बटणे आणि चेन काढतात आणि रंगांनुसार ढीग लावतात. रंग नीट जुळला, की सूत पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. जगभरच्या आपत्तींत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्यांमागे हे डोळे आणि हे हात आहेत.

१४. विसाव्या शतकात तयार कपडे स्वस्त झाले आणि श्रीमंत देशांत जुना कपडा विकण्यापेक्षा दान करणे सोपे वाटू लागले. बॉस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने ‘गुडविल’ची पायाभरणी केली, तेव्हा कल्पना अशी होती : सुखवस्तू घरांतून पोत्यांनी जुने सामान आणायचे, गरीब स्थलांतरितांकडून ते दुरुस्त करून घ्यायचे आणि विक्रीतून त्यांना मजुरी द्यायची. दुरुस्तीचे कष्ट येथे लपवलेले नव्हते. किंबहुना ते देण्यासाठीच संस्था जन्मली होती.

१५. पुढे दान इतके वाढले, की देशात खपेना. उरलेला माल गासड्या बांधून परदेशी विकला जाऊ लागला. घानामध्ये अशा कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’, म्हणजे ‘मेलेल्या गोऱ्याचे कपडे’, म्हणतात. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकील कसा, हे आश्चर्य त्या नावात आहे. राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजारात व्यापारी गासडी न पाहताच विकत घेतो. आत चांगला माल निघाला तर नशीब, नाहीतर तोटा त्याचा. सुमारे ५५ किलोंच्या या गासड्या डोक्यावरून वाहतात त्या बहुधा देशाच्या उत्तर भागातून आलेल्या मुली, ‘कायाये’. जानेवारी २०२५ च्या आरंभी लागलेल्या आगीत या बाजाराचा मोठा भाग जळाला. कोणाच्या तरी कपाटातून ‘सहज’ निघालेल्या कपड्याचा प्रवास येथवर येतो.

१६. आता पडद्यावरचा बाजार. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार याने लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढचे ‘ईबे’. अनोळखी माणसाकडून न पाहिलेली जुनी वस्तू घ्यायची कशी, हा पेच तेथे ग्राहक-विक्रेत्यांनी एकमेकांना दिलेल्या शेऱ्यांनी बराचसा सोडवला. चाळीच्या जिन्यावर जो विश्वास नजरेने आणि स्पर्शाने ठरत असे, तो आता शेऱ्यांच्या आकड्यांवर ठरू लागला.

१७. त्यानंतर केवळ कपड्यांसाठीचे बाजार आले. लिथुआनियात २००८ साली ‘व्हिंटेड’ सुरू झाले. घर बदलताना आपल्याकडे कपडे फार झाले आहेत, असे संस्थापिका मिल्डा मित्कुते हिच्या लक्षात आले, हे त्याचे निमित्त. २०११ मध्ये इटलीत ‘डेपॉप’ आणि अमेरिकेत मनीष चंद्रा व सहकाऱ्यांचे ‘पॉशमार्क’ आले. २०२१ साली डेपॉपची विक्री १६२.५ कोटी डॉलरला ठरली. पोत्यातल्या कपड्यांचा धंदा भांडवली बाजाराच्या शिखरावर पोहोचला.

१८. मग कष्टांचे काय झाले? येथे दोन मार्ग दिसतात. पॉशमार्कसारख्या बाजारात विक्रेता स्वतः कपडा धुतो, छायाचित्रे काढतो, मापे लिहितो, घासाघीस करतो, पुडके बांधतो. कंपनीने अनेक वर्षे १५ डॉलरवरील विक्रीतून २० टक्के घेतले. उरलेल्या रकमेत विक्रेत्याच्या तासांची मजुरी वेगळी मोजली जात नाही, म्हणून तो नफा वाटतो. ‘थ्रेडअप’सारख्या कंपनीला मात्र पिशवी भरून पाठवली, की काम संपते. तेथे कष्ट खरेच कमी, पण गोदामातले कामगार निवड, छायाचित्रण आणि किंमत ठरवण्याचे काम करतात आणि स्वस्त कपड्यांवर मूळ मालकाच्या हाती फारच थोडे येते. कष्ट वाचवले, तर मोबदलाही वाचवणाऱ्याचा राहत नाही.

१९. जुना कपडा टाकण्यापेक्षा वापरणे शहाणपणाचे आहे आणि फोनमुळे असंख्य लोकांना दुकान न थाटता चार पैसे मिळाले, हेही खरे. मात्र प्रतिष्ठेची वाटणी पाहण्याजोगी आहे. जुन्या कपड्यांची निवडक मांडणी करून फोनवर विकणारा तरुण आज ‘उद्योजक’ म्हणवला जातो. तेच काम नजरेच्या पारखीने, उन्हातान्हात, अंगमेहनतीने करणाऱ्या बोहारणीला मात्र अनेक इमारतींच्या दारावरच अडवले जाते. व्हेनिसने ज्यूंना आणि लंडनने पोतेवाल्याला दिलेली वागणूक याहून फार निराळी नव्हती.

२०. ‘शून्य कष्टांची कमाई’ असे सांगणारी जाहिरात पुन्हा समोर आली, की त्या चार कामांची आठवण ठेवावी : गोळा करणे, निवडणे, सुधारणे, विकणे. यांपैकी जे काम आपण करीत नाही, ते कोणीतरी करीतच असते, मग तो पानिपतच्या ढिगाऱ्यापाशी असो, आक्र्याच्या बाजारात असो वा गोदामाच्या रांगेत. जुन्या कपड्याचा इतिहास म्हणजे याच हातांचा इतिहास. कपड्यावर किमतीची चिठ्ठी कोणीही लावो, त्याला ती किंमत येते या हातांमुळेच.

#इतिहास #जुनाबाजार #श्रमाचाइतिहास