आगबोट: फ्रान्सची आणि मुंबईची

निवृत्तीनंतर काय केले ते प्रत्येकाने दोन पानांत लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. नातवंडे, तीर्थयात्रा आणि गुडघे या तीन विषयांवर आपली बॅच भरपूर लिहील याची खात्री असल्यामुळे मी एका जहाजावर लिहितो. गेल्या दोन वर्षांत मी ‘स्फिंक्स’ नावाच्या फ्रेंच युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती केली. परभणीत बसून जहाज कशाला, असे घरच्यांनीही विचारले. आपल्याकडे पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी आणि येलदरीचा जलाशय. पण हे जहाज करताना जो इतिहास हाती लागला तो आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि त्याचा अर्धा भाग फ्रान्सचा नसून मुंबईचा आहे.

‘स्फिंक्स’ १८२९ साली फ्रान्समध्ये रोशफोरच्या गोदीत पाण्यात उतरली. लांबी सुमारे ४६ मीटर, बांधा लाकडी, वर डोलकाठ्या आणि शिडे, आणि दोन्ही कुशींना घराएवढाली चाके. ही चाके फिरवणारे १६० अश्वशक्तीचे इंजिन मात्र लिव्हरपूलच्या फॉसेट कारखान्यातून आणलेले. त्याआधीच्या फ्रेंच वाफेच्या बोटी नावापुरत्याच चालत होत्या. ही खरोखर चालली, आणि पुढची कित्येक वर्षे फ्रेंच आरमाराने हिच्याच नमुन्यावर बोटी बांधल्या. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जीअर्स घेतले, त्या मोहिमेत ही होती आणि शहर पडल्याची बातमी तुलाँ बंदरात हिनेच पोचवली. पॅरिसच्या चौकात उभा असलेला इजिप्तचा तो उंच दगडी स्तंभ आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी पाहिला असेल. तो सव्वादोनशे टनांहून जड स्तंभ ज्या जहाजात आडवा घातला होता, त्याला १८३३ मध्ये अलेक्झांड्रियाहून ओढत फ्रान्सला आणले ते याच ‘स्फिंक्स’ने. १८४५ मध्ये अल्जीअर्सच्याच किनाऱ्यावर ती फुटली.

आता मुंबई. ज्या १८२९ साली रोशफोरला ‘स्फिंक्स’ उतरली, त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ उतरली. तीही दोन्ही कुशींना चाके असलेली, तोफा वाहणारी, कंपनी सरकारच्या आरमाराची बोट. ४११ टनांची. इंजिने दोन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची, म्हणजे बेरीज पुन्हा १६०! हा आकडा पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. इंजिने इंग्लंडहून आलेली, पण बोट बांधली ती नौरोजी जमशेटजी वाडिया यांनी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या घराण्याकडे गोदीचे काम होते. मलबारच्या सागवानातून त्यांनी बांधलेली जहाजे इंग्रजी आरमारात मानाने चालत. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. ओकच्या तिच्या भावंडांपैकी बहुतेक केव्हाच नाहीशी झाली.

‘ह्यू लिंडसे’ २० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन यांच्या हाताखाली मुंबईहून सुएझकडे निघाली. मुंबई ते सुएझ वाफेवर जाणारी ही पहिली बोट. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि पहिला टप्पा एडन, १६४१ मैल. मग काय, केबिनीत कोळसा, बैठकीत कोळसा, जिथे माणसे झोपायची तिथे कोळसा. अकराव्या दिवशी ती एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. पुढच्या बंदरांवर शिडाच्या जहाजांनी आधीच कोळसा नेऊन ठेवलेला होता. म्हणजे वाफेची बोट चालावी म्हणून शिडाची जहाजे राबत होती! २२ एप्रिलला ती सुएझला पोचली. खर्चाचा आकडा पाहून लंडनचे संचालक नाराज झाले, पण महिन्याभरात सुएझ गाठता येते हे सिद्ध झाले ते झालेच.

इथे विज्ञानाच्या तासाची एक गंमत सांगतो. चाकाची पाती पाण्यात ठरावीक खोलीवर बुडाली तरच बोट नीट चालते. कोळसा ठासून भरलेली बोट खोल बसते, पाती जास्त बुडतात आणि चाक पाणी नुसते घुसळत राहते. कोळसा जळत गेला की बोट वर येते आणि पाती जेमतेम टेकतात. लाटेवर बोट कलली तर एक चाक पाण्यात आणि दुसरे हवेत. शिवाय तोफा ठेवायची मधली सगळी जागा चाकेच खातात आणि शत्रूचा एक गोळा चाकावर बसला की संपले. म्हणूनच १८४५ नंतर आरमारे मागच्या पंख्याकडे वळली. त्या वर्षी इंग्रजांनी चाकाची आणि पंख्याची अशा दोन बोटी शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली होती. पंख्याची जिंकली.

प्रतिकृतीबद्दल थोडे. आराखडे मला ‘स्फिंक्स’चे मिळाले, म्हणून ती केली. प्रमाण पंच्याहत्तरास एक, म्हणजे लांबी दोन फूट. पडलेल्या वाड्याच्या चौकटीचा जुना साग आणला होता, पण एवढ्या लहान कामाला त्याचे रेषे जाड पडतात. म्हणून कणा आणि फासळ्या सागाच्या ठेवल्या आणि वरच्या पट्ट्या हळदूच्या काढल्या. हळदूचे लाकूड बारीक रेषेचे, पिवळसर. पूर्वी त्याच्या फण्या करत. पट्टी गरम पाण्यात भिजवून वाकवायची, सुकेपर्यंत बांधून ठेवायची आणि मग चिकटवायची. पट्टी वाकवताना ती कोणत्या बाजूला जायला राजी आहे हे आधी बोटांना कळते, ही गोष्ट सुतारकामाच्या गुरुजींनी आठवीत शिकवली होती. आपण तेव्हा पाट आणि रंध्याला कंटाळून खिडकीबाहेर बघत होतो. सर्वांत जास्त वेळ चाकांनी खाल्ला, जवळजवळ पाच महिने.

काम करताना एक प्रश्न मनातून जाईना. या बोटींचा अभिमान बाळगावा की नाही? ‘स्फिंक्स’ने अल्जीरियाची गुलामी सुरू करून दिली. ‘ह्यू लिंडसे’ने कोळशाची भूक दाखवून दिली आणि ती भागवायला १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून घेतले. ते एडन पुढे १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालवले जात होते. चीनला लुबाडणारा नानकिंगचा तह १८४२ मध्ये ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, तेही मुंबईतच बांधलेले सागवानी जहाज. हात आपले, हुकूम त्यांचा. माझे मत विचाराल तर मला हुकमाचा अभिमान नाही, हातांचा आहे.

त्या हातांना इंजिनही आपण करावे असे वाटत होते, हे मला फार मोलाचे वाटते. त्याच घराण्यातल्या अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी तरुणपणीच एक अश्वशक्तीचे इंजिन स्वतः तयार करून विहिरीचे पाणी उपसले. १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाची ६० टनांची वाफेची बोट पाण्यात सोडली. १८३४ मध्ये माझगावच्या घरी गॅसचे दिवे लावले. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, असे पहिले भारतीय. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले आणि युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली आले. बारा वर्षांनी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी निघाली, ती आपण पाठ केली. अर्देशीर मात्र कोणाच्या वहीत नव्हते. १९६९ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले होते. आपल्यात जे तिकिटे जमवायचे त्यांनी जुन्या वह्या चाळून पाहाव्यात.

‘आगबोट’ हा शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी असायचा. मुंबईला न गेलेल्या माणसाच्याही. आपण आगगाडीत वाढलो. मीटर गेजच्या इंजिनाची शिट्टी ऐकून घड्याळ लावणारी घरे परभणीत होती. ज्यांना ते वाफेचे इंजिन आतून कसे चालते हे तेव्हा कळले नाही आणि परीक्षेत त्याचे गुण गेले, त्यांच्यासाठी एक सोय केली आहे. मेळाव्याच्या दिवशी ‘स्फिंक्स’ शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवणार आहे. उजव्या चाकावरचे झाकण मुद्दाम बसवलेले नाही, आतल्या दांड्या दिसतात. बाजूला लहान मूठ आहे, ती फिरवली की दोन्ही चाके फिरतात. काच लावलेली नाही. हात लावून बघा.