सोवळ्यातून सेवेकडे : लक्ष्मीबाई टिळकांची अंतर्यात्रा

नेतृत्व हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, पद आणि हारतुरे उभे राहतात. धर्मग्रामातही कार्यकर्त्यांची निवड करताना वक्तृत्व आणि शिक्षण आपण आधी पाहतो. नाशिकच्या मातीत वाढलेल्या लक्ष्मीबाई टिळकांजवळ यांपैकी काहीच नव्हते. त्या प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या. परंतु त्यांचा जीवनप्रवास मराठी ख्रिस्ती समाजाचा समाईक ठेवा आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेली ही स्त्री समाजाची मार्गदर्शक कशी झाली, हे समजून घेण्यासारखे आहे.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे गाव आहे. तेथे 1868 साली एका कर्मठ ब्राह्मण कुटुंबात लक्ष्मीबाईंचा जन्म झाला. 1857च्या उठावात त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आणलेले मीठ-साखरही धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. घरातील बायकामुलांनी हा जाच निमूटपणे सोसला. विटाळाची भीती लक्ष्मीबाईंच्या मनात रुजली ती या वातावरणात.

अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक प्रतिभावान कवी, पण मनस्वी. न सांगता घर सोडून जावे, असेल ते देऊन टाकावे, असा त्यांचा स्वभाव. पत्नीला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी लहानगा दत्तू. पती जिवंत असून दुरावलेला. नातेवाइकांच्या आधाराने त्या काही काळ पंढरपुरास राहिल्या. दुःखाला वाट करून देण्यासाठी त्या पद्ये रचू लागल्या.

या विरहाच्या काळात त्यांना दोन सोपे मार्ग मोकळे होते. पतीचे नाव टाकून माहेरच्या आश्रयाने आयुष्य कंठावे, किंवा पती म्हणतो म्हणून डोळे मिटून त्याच्या धर्मात जावे. त्यांनी दोन्ही नाकारले. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, पण आपले सोवळे घेऊनच. एकाच घरात त्यांची चूल वेगळी आणि पाणी वेगळे. टिळकांनीही सक्ती केली नाही. धर्म ज्याचा त्याने स्वीकारायचा असतो, हे दोघांनीही जाणले.

मग एके रात्री त्या स्वतःशीच विचार करू लागल्या. जातिभेद देवाने केला की माणसांनी? देवाने केला असता, तर माणसांच्या शरीरांत काही वेगळेपण दिसले असते. उत्तर मिळाले आणि त्या उत्तराप्रमाणे वागण्याचा निश्चयही झाला. यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नव्हती. मीठ धुणाऱ्या घरातील मुलीने उचललेले ते पाऊल केवढे मोठे होते! 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायांनी चालत त्या येथवर आल्या.

आत झालेला बदल मग बाहेर दिसू लागला. अहमदनगरच्या वास्तव्यात अनाथ मुलामुलींना त्यांनी माया दिली. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ मानला, त्यांची लेकरे आता त्यांच्या मांडीवर वाढू लागली. बालकवी ठोमरे ख्रिस्ती नव्हते. तेही काही काळ टिळकांच्या घरी राहिले आणि त्या घरचेच झाले.

1919 साली टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. जिला पतीने मुळाक्षरे शिकवली, तिनेच पुढील 64 अध्याय रचून ते पूर्ण केले. 1933 साली नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला. या ग्रंथात त्यांनी पतीचे दोष झाकले नाहीत आणि स्वतःचे तर मुळीच झाकले नाहीत. आपल्या अज्ञानावर, आपल्या हट्टावर त्या मनमोकळ्या हसतात. स्वतःला इतके स्वच्छ पाहिलेले माणूस दुसऱ्यावर सहसा अधिकार गाजवीत नाही, आणि म्हणूनच लोक त्याचे ऐकतात. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई प्रभुवासी झाल्या.

आपल्या घराघरांतून मुलांनी पुढे यावे, समाजाचे नेतृत्व करावे, अशी आपली इच्छा असते. त्यासाठी आपण त्यांना भाषणे पाठ करावयास लावतो, शिबिरांना पाठवतो. ते योग्यच आहे. परंतु जलालपूरच्या या लेकीने आधी आपल्या मनातील भीतीला प्रश्न विचारला, उत्तर मिळेपर्यंत कोणाच्याही घाईला ती बळी पडली नाही, आणि उत्तर मिळताच त्याप्रमाणे वागली. सेवा, लेखन आणि अध्यक्षपद ही सर्व नंतरची. आपल्याही मनात जातीचे, भाषेचे, पैशाचे एखादे सोवळे अजून जपलेले असेल. मुलांना पुढारी होण्यास सांगण्यापूर्वी आईवडिलांनी एखाद्या रात्री शांतपणे ते तपासून पाहावे.