बी.ए. कुणाची आणि पैसा कुणाचा? सांगोल्याच्या पोरापोरींसाठी थोडा इतिहास

"बी.ए. करून काय दिवे लावणार?"

बारावीचा निकाल लागला की सांगोला तालुक्यातल्या वस्त्यावस्त्यांत हा प्रश्न फिरू लागतो. कधी गावातला डाळिंबाचा बागायतदार विचारतो, कधी पुण्यात नोकरीला लागलेला आपलाच पाहुणा. मागोमाग दुसरे वाक्य येते, "आणि सरकारनं तरी असल्या शिक्षणावर पैसा का घालावा?"

मित्रांनो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पदवी कामाची आहे का, हा पहिला. तिचा खर्च कुणी करायचा, हा दुसरा. पण ते मुद्दाम एकत्र विचारले जातात. एकदा पदवी 'बिनकामाची' ठरवली, की सरकारने हात वर करायला मोकळीक मिळते. म्हणून आधी हे विचारा, की बिनकामाची कुणासाठी? पुण्यात आणि दिल्लीजवळ खाजगी विद्यापीठे 'लिबरल आर्ट्स' या नावाखाली इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य हेच विषय शिकवतात आणि त्यासाठी वर्षाला लाखोंनी फी घेतात. श्रीमंतांची मुले ती आनंदाने भरतात. त्यांना कुणी दिव्यांबद्दल विचारत नाही. तोच इतिहास सांगोल्यातल्या शेतमजुराच्या मुलीने शिकायचा म्हटला, की तो टाईमपास ठरतो.

हा वाद आजचा नाही. आपल्या चळवळीने तो 140 वर्षांपूर्वी अंगावर घेतला होता.

फुले : पैसा रयतेचा, शिक्षण कुणाचे?

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारची तिजोरी भरते ती शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामाने, पण शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्या काळात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्यातला हिस्सा शाळांसाठी असे. म्हणजे माणदेशातला कोरडवाहू शेतकरीसुद्धा शिक्षणाचे पैसे भरत होता, फक्त त्याचे पोर शाळेत नव्हते. म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी फुल्यांनी केली. सरकारी हायस्कुलांतले शिक्षण रोजच्या जगण्याला उपयोगी नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

इथे काही जण टाळ्या वाजवतात. पाहा, फुलेच म्हणाले, सरकारने पैसा प्राथमिकवर घालावा, कॉलेजवर नको! ही अर्धी गोष्ट आहे. त्याच निवेदनात फुल्यांनी सरकारने हायस्कूल-कॉलेजांतून अंग काढून घेण्याला विरोध केला आहे. सरकार बाजूला झाले तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि शिक्षणातली तटस्थताही धोक्यात येईल, असा त्यांचा इशारा होता. ज्यांच्या हातात पैसा, त्यांच्या हातात शाळा. आणि ज्यांच्या हातात शाळा, त्यांचाच विचार वर्गात, हे त्यांनी ओळखले होते. रयतेच्या पैशावर रयतेचा हक्क, ही त्यांची भूमिका होती.

सोलापूर, 1925 : फी म्हणजे खर्च नव्हे

20 जुलै 1924 रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने सुरुवातीलाच हाती घेतलेल्या ठोस कामांतले एक काम आपल्या जिल्ह्यात झाले. 4 जानेवारी 1925 रोजी सोलापुरात अस्पृश्य समाजातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झाले. मुलांचे जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तकांचा खर्च सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहाला 40 रुपयांचे अनुदान दिले. या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालवले.

शिक्षणाचा पैसा कुणी द्यायचा, या प्रश्नाला चळवळीने दिलेले हे पहिले उत्तर आहे आणि त्यात दोन गोष्टी आहेत. एक, गरिबाच्या शिक्षणाचा खरा खर्च फीमध्ये नसतो. तो भाकरीत, खोलीभाड्यात, कपड्यात असतो. दोन, समाजाने आपल्या खिशातून सुरुवात केली, पण तिथेच थांबला नाही. सार्वजनिक तिजोरीचा वाटाही घेतला. ते उपकार नव्हते. नगरपालिकेचा कर आपली माणसेही भरत होती.

12 मार्च 1927 : शिक्षणाचा बाजार मांडू नका

महाडच्या सत्याग्रहाची तारीख आपल्याला पाठ आहे, 20 मार्च 1927. त्याच्या आठच दिवस आधी, 12 मार्चला, मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. हे भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने वाचायला हवे.

त्यांनी सरकारी आकडेच सभागृहापुढे ठेवले. आर्ट्स कॉलेजांवर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे 36 टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होते, हायस्कुलांत 31 टक्के आणि मिडल स्कुलांत 26 टक्के. याला त्यांनी शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. आज आपण हा शब्द मोर्चात वापरतो. बाबासाहेबांनी तो जवळपास शंभर वर्षांपूर्वी वापरला आणि तोही आर्ट्स कॉलेजच्या फीबद्दल.

त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. जेवढे लोकांकडून घेता, तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती. शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी दाखवून दिले. कॉलेजात जाणाऱ्यांची जातवार तुलना केली, तेव्हा मागासवर्गाचा आकडा शून्य, फार तर एक, असा निघाला. म्हणून खालच्या वर्गांना उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त करणे हेच धोरण असले पाहिजे, असे त्यांनी बजावले.

आठ दिवसांनी ते चवदार तळ्यावर होते. सार्वजनिक तळे आणि सार्वजनिक पैशावरचे कॉलेज यांत तत्त्वाने काय फरक आहे? दोन्ही सगळ्यांची आणि दोन्हींवर मूठभरांचा ताबा.

कर्ज काढून शिका, म्हणणाऱ्यांना

आज सल्ला दिला जातो, शैक्षणिक कर्ज घ्या, नोकरी लागली की फेडा. याची परीक्षाही बाबासाहेबांच्या आयुष्यात झाली आहे. ते स्वतः मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे बी.ए., साल 1912. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा 25 रुपये दिले म्हणून ते शिक्षण झाले. 1913 साली कोलंबियाला जाताना बडोद्याने शिष्यवृत्ती दिली ती करार करून, की परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची.

1917 साली ते बडोद्याला रुजू झाले. पुढे काय झाले, ते आपल्याला माहीत आहे. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत आणि शहरात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावे लागले.

पदवीचा मोबदला फक्त गुणांवर ठरत नाही, जातीवरही ठरतो. कोलंबियात शिकलेल्या माणसाला जर जातीमुळे नोकरी टिकवता आली नाही, तर सांगोल्याच्या बी.ए.ला बँकेचा हप्ता कोणत्या भरवशावर भरायचा? मोबदल्याची खात्री नाही, तिथे कर्ज म्हणजे नवी वेठबिगारी. आणि सयाजीरावांसारखा दाता एखाद्याला भेटतो. त्याच्यावर धोरण उभे राहत नाही.

1942 : पण बाबासाहेबच तर म्हणाले...

आता विरोधकांचा सगळ्यात भारी मुद्दा घेऊ. 29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात त्यांनी लिहिले आहे, की कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा अनुसूचित जातींना फारसा उपयोग नाही. त्यांना गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रशास्त्रातल्या उच्च शिक्षणाची.

झाले! आर्ट्स बंद करा, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. पण पुढचा मजकूर वाचा. विज्ञान आणि तंत्रशिक्षण आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणूनच आपली मुले कला आणि कायद्याकडे वळतात. सरकारी मदतीशिवाय ते दार उघडणार नाही, असे ते सांगतात आणि त्यासाठी पैसा मागतात. तक्रार ज्ञानशाखेबद्दल नाही, ती लादलेल्या निवडीबद्दल आहे. आवडले म्हणून बी.ए. करणे वेगळे आणि दुसरे परवडत नाही म्हणून बी.ए. करणे वेगळे.

या पाठपुराव्यातून 1944 साली अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्याकडे जिला आजही 'जी.ओ.आय.' म्हणतात, ती हीच. आणि बाबासाहेबांनी स्वतः काय काढले? 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय, 1950 साली औरंगाबादला पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले कॉलेज. नावातच कला आणि विज्ञान दोन्ही. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे.

त्या पदवीने काय दिले?

जातीचा उगम शोधणारा बाबासाहेबांचा 1916 चा निबंध कोलंबियात मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला गेला. मनुस्मृतीला उत्तर द्यायला इतिहास लागतो, भाषा लागते, अर्थशास्त्र लागते. 1967 साली मिलिंदच्या परिसरातून 'अस्मिता' निघाले, तेच पुढचे 'अस्मितादर्श'. दलित साहित्याची एक पिढी त्यावर उभी राहिली.

आपल्या भागातलेच पाहा. सांगोल्याशेजारच्या आटपाडीचे शंकरराव खरात, तराळकी करणाऱ्या बापाचा मुलगा, बी.ए., एल्एल.बी. झाले. 'तराळ-अंतराळ' लिहिले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1984 साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे मराठी विषय घेऊन शिकले. 'अक्करमाशी' लिहिले आणि 2020 चा सरस्वती सन्मान मिळवला. गावाने ज्यांचे नाव घ्यायला नकार दिला होता, त्यांनी गावाचा इतिहास लिहिला. याची किंमत पॅकेजमध्ये मोजता येत नाही.

मग पैसा कुणाचा?

या महाराष्ट्राने एकेकाळी उत्तर दिले आहे. 1962 साली शिक्षण उपकराचा कायदा झाला. 1972 च्या दुष्काळानंतर 1975 साली व्यवसाय कर आला आणि शहरातल्या पगारदाराच्या पैशावर दुष्काळी तालुक्यांत रोजगार हमीची कामे चालली. सांगोल्याच्या खडी फोडणाऱ्या हातांना मुंबईने पैसे द्यावेत, हे त्या वेळी न्याय्य वाटले. त्याच हातांच्या नातवंडांना शिकवायला मुंबईने पैसे देणे अन्याय कसा?

आणि आपण फुकट मागत नाही. साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर आपली माय जी.एस.टी. भरते. फुल्यांच्या काळचा एक आणा आज नव्या नावाने वसूल होतोच आहे.

उलट बाजूला काय दिसते? शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा दशकभराहून अधिक काळ अडीच लाखांवर अडली आहे. नवरा-बायको दोघे रोज 400 रुपयांनी वर्षात 313 दिवस मजुरीला गेले, तर उत्पन्न 2,50,400 रुपये होते. म्हणजे मजुराने पोटभर काम केले, की त्याचे पोर निर्वाह भत्त्यातून बाद! प्राध्यापकांच्या जागा रिक्त आणि तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेट झालेले आपलेच बांधव. नव्या धोरणात ऑनर्ससाठी चौथे वर्ष आले, त्या वर्षाचे खोलीभाडे कोण देणार, यावर कुणी बोलत नाही. गाइड पाठ करून मिळवलेली बी.ए. कुचकामी आहे, हे खरेच. पण वर्गात शिक्षक नाही, ग्रंथालयात पुस्तक नाही, हे कुणाचे पाप?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात :

1. शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा महागाईशी जोडा आणि पैसे शैक्षणिक वर्ष संपण्याआधी खात्यावर जमा करा.
2. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, आरक्षणाच्या बिंदूनामावलीसह.
3. तालुक्याच्या गावी मुला-मुलींची पुरेशी वसतिगृहे उभारा. प्रवेश न मिळालेल्याला स्वाधारचे पैसे वेळेवर द्या.
4. विज्ञान-तंत्रशिक्षणाचा पूर्ण खर्च सरकारने उचलावा, म्हणजे आर्ट्स ही नाइलाजाची शाखा राहणार नाही.

शेवटची मागणी विसरू नका. बाबासाहेबांची 1927 ची आणि 1942 ची भूमिका तिथे एकत्र येते. आर्ट्स स्वस्त आणि दर्जेदार हवी, विज्ञान आवाक्यात हवे आणि निवड आपली हवी.

तेव्हा येत्या जूनमध्ये कुणी दिव्यांबद्दल विचारले, तर त्याच्याशी भांडत बसू नका. त्याला 12 मार्च 1927 चे भाषण वाचायला द्या. आणि प्रवेश अर्ज भरताना शेजारच्या वस्तीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्जही भरून द्या. सोलापूरच्या वसतिगृहाचे काम आजही शिल्लक आहे.

जय भीम! जय जोती! जय सावित्री!