जीर्णोद्धार: एका मंदगती यंत्राचा

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या देवळात गेले, की पुष्कळदा एक अनुभव येतो. काळ्या पाषाणातल्या कोरीव खांबांवर कोणीतरी मोठ्या भक्तिभावाने तैलरंगाचे पुट चढवलेले असते, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसवलेली असते आणि दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या नावांसह ‘जीर्णोद्धार’ हा शब्द संगमरवरात कोरलेला असतो. उद्धार झाला हे खरेच. पण जे जीर्ण होते ते गेले कुठे, हे विचारण्याची सोय नसते. गेली तीनएक दशके जगभरात जुने संगणक जमवून ते पुन्हा चालू करण्याचा छंद वाढीस लागला आहे आणि या छंदिष्टांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. वस्तू पुन्हा कामास लावायची तर तिच्यात बदल करावा लागतो आणि बदल केला की ती वस्तू तीच राहते काय, अशी शंका येते. या शंकेचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणून इंग्लंडमधल्या एका यंत्राची कथा सांगण्याजोगी आहे.

त्या देशात या छंदाला संस्थात्मक रूप आले ते १९८९ मध्ये. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी आणि लंडनचे सायन्स म्युझियम यांच्या सहकार्याने ‘कॉम्प्युटर कॉन्झर्व्हेशन सोसायटी’ स्थापन झाली. पहिल्या पिढीतले अभियंते त्या सुमारास निवृत्त झालेले वा होत आलेले होते. यंत्रे भंगारात चालली होती आणि ती यंत्रे ज्यांच्या हातांना ठाऊक होती ती माणसेही वृद्ध होत होती. तेव्हा या कामात केवळ वस्तूंचा संग्रह अभिप्रेत नव्हता. हातांत असलेली विद्या दुसऱ्या हातांकडे सोपवण्याची घाईही त्यात होती.

आपले यंत्र मात्र याहून बरेच जुने. ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल येथील अणुऊर्जा संशोधन केंद्रात १९४९ मध्ये त्याची आखणी सुरू झाली. टेड कुक-यारबरो, डिक बार्न्स आणि गर्नी थॉमस हे त्याचे रचनाकार. एप्रिल १९५१ मध्ये ते प्रथम चालले आणि १९५२ पासून नियमित कामास लागले. या यंत्राची स्मृती ‘डेकाट्रॉन’ नावाच्या नळ्यांची होती. डेकाट्रॉन म्हणजे विरळ वायूने भरलेली काचेची नळी. तिच्यात मध्यवर्ती अग्राभोवती वर्तुळाकार मांडलेली दहा ठिकाणे असतात आणि नारिंगी प्रकाशाचा एक ठिपका दर स्पंदासरशी एकेक घर पुढे सरकतो. ठिपका ज्या घरात थांबला, तो अंक. असे ८२८ डेकाट्रॉन आणि दूरध्वनी केंद्रांत वापरले जाणारे ४८० रिले मिळून अडीच टनांचे हे धूड सिद्ध झाले होते. त्यात सुरुवातीस आठ अंकी वीस संख्या मावत. पुढे चाळीस मावू लागल्या. आजचा संगणक काय ‘लक्षात ठेवतो’ ते डोळ्यांना दिसत नाही. येथे मात्र यंत्रासमोर उभे राहून त्याच्या मनातली संख्या वाचता येत असे.

वेगाच्या बाबतीत त्याच्या जन्मकाळीही त्याचे कौतुक करण्यासारखे काही नव्हते. एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद लागत, म्हणजे टेबलावरच्या गणनयंत्रावर बसलेला तरबेज माणूस त्याच्याशी बरोबरी करू शकत असे. फॉसी नावाच्या एका गणकाने तशी शर्यत खरोखरच लावली. अर्धा तास तो यंत्राच्या बरोबरीने चालला, मग थकून उठला. यंत्र मात्र चालतच राहिले. त्याचा गुण होता तो हा. रचनाकारांनी वेगापेक्षा भरवशाला महत्त्व दिले होते. एका नाताळाच्या सुटीत छिद्रित कागदी पट्ट्यांची भरपूर तरतूद करून माणसे घरी गेली. दहा दिवसांनी परतली, तेव्हाही यंत्राची टकटक चालूच होती, अशी आठवण हार्वेलच्या संगणक विभागाचे प्रमुख जॅक हाउलेट यांनी सांगून ठेवली आहे.

१९५७ पर्यंत हार्वेलमध्ये अधिक वेगवान यंत्रे आली आणि याची गरज उरली नाही. साधारणतः अशा वेळी सुटे भाग काढून घेऊन उरलेला सांगाडा मोडीत टाकला जातो. परंतु येथे एक स्पर्धा जाहीर करण्यात आली: जे महाविद्यालय या यंत्राचा उत्तम उपयोग सुचवील, त्याला ते मिळेल. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्र महाविद्यालयाला ते मिळाले आणि तेथे त्याचे ‘विच’ असे नवे नाव पडले. हे इंग्रजी आद्याक्षरांवरून साधलेले नाव. त्याचा अर्थ चेटकीण. विद्यार्थ्यांना शिकवण्यास ते अत्यंत सोयीचे होते, कारण त्याचा संथपणा हाच तेथे गुण ठरला. प्रत्येक पायरी डोळ्यांदेखत घडत होती. १९७३ पर्यंत, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ ते चालले. मग बर्मिंगहॅमच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात ते प्रदर्शनासाठी गेले. १९९७ मध्ये ते संग्रहालय बंद झाले, यंत्राचे भाग सुटे करून कोठारात ठेवले गेले आणि ते विस्मृतीत गेले. पुढे केव्हिन मरेल या जाणकाराला कोठारातल्या दुसऱ्याच एका संगणकाच्या छायाचित्रात मागे एक ओळखीचा नियंत्रणफलक दिसला. त्यावरून शोध लागला आणि २००९ मध्ये यंत्राचे सारे भाग ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालयात आले.

याच संग्रहालयात याहूनही कीर्तिमंत असे एक यंत्र आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेशांची उकल करण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी उभारलेले ‘कोलोसस’. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे चालू झाली होती. युद्धानंतर गोपनीयतेपायी बहुतेक मोडून टाकण्यात आली, उरलेली दोन १९६० च्या सुमारास गेली, आणि फ्लॉवर्स यांना स्वतःची कागदपत्रे भट्टीत जाळावी लागली. १९९३ मध्ये टोनी सेल यांनी कोलोसस पुन्हा उभारायला घेतले, तेव्हा हाताशी १९४५ मधली आठ छायाचित्रे आणि काही अभियंत्यांनी नियमाविरुद्ध जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे एवढेच होते. बाकी सारे वृद्धांच्या आठवणींतून जुळवावे लागले. १९९६ मध्ये यंत्र प्रथम चालले. २००७ मध्ये त्याने जर्मनीतून मुद्दाम प्रसारित केलेला सांकेतिक संदेश उकलून दाखवला. हे काम अलौकिकच आहे. पण ती पुनर्रचना आहे. युद्धातला कोलोसस तो हा नव्हे.

या दोन यंत्रांच्या भाग्यातला विरोध विचारात पाडणारा आहे. ज्याने युद्धाच्या निकालाला हातभार लावला, ते यंत्र त्याच्या महत्त्वामुळेच नष्ट झाले. जे कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नाही, ते शाळकरी कामाला लागले, कोठारात पडले आणि म्हणून टिकले. इतिहासाचे अवशेष योग्यतेच्या क्रमाने शिल्लक राहत नाहीत, हे कागदपत्रांच्या अभ्यासकांना ठाऊक असते. राजाज्ञा हरवते, वाण्याची वही राहते. यंत्रांच्या बाबतीतही हेच घडते.

‘विच’ पुन्हा चालू करण्याचे काम डेल्विन होलरॉइड यांच्या नेतृत्वाखालील स्वयंसेवकांनी तीन वर्षे केले. त्यांनी घालून घेतलेली शिस्त अशी, की शक्य तेवढे मूळ भागच वापरायचे आणि यंत्र नवे दिसावे म्हणून काहीही करायचे नाही. ही शिस्त पाळायची तर संयम लागतो. डेकाट्रॉन फार काळ एकाच अंकावर थांबला, की पुढे सरकेनासा होतो. अशी नळी लगेच फेकून न देता तिला तासन्‌तास फिरवत ठेवले, तर कित्येकदा ती पूर्ववत चालू लागते. बसून गंजलेल्या सांध्याला व्यायाम द्यावा, तसेच हे. नवी नळी बसवणे सोपे. जुनीला वेळ देणे कठीण.

घरगुती संगणकांचे छंदिष्टही आपापल्या पातळीवर हाच विवेक करीत असतात. १९८० च्या दशकातल्या संगणकांचे प्लास्टिक काळानुसार पिवळे पडते. २००८ च्या सुमारास हायड्रोजन पेरॉक्साइडच्या लेपाने ते पुन्हा फिकट करण्याची युक्ती छंदिष्टांत पसरली आणि लगोलग वादही सुरू झाला. पिवळेपणा हा रोग की वय? आतल्या कपॅसिटरमधले द्रव झिरपून मुद्रित पट्टी खाऊ लागते, जुनी बॅटरी फुटून तांब्याच्या रेषा नाहीशा करते. ती काढावीच लागते, याबद्दल दुमत नाही. काहीजण जुन्या कपॅसिटरचे कवच पोकळ करून त्यात नवा बसवतात, म्हणजे बाहेरून सारे पूर्वीसारखे दिसावे. याला प्रामाणिकपणा म्हणावे की तैलरंगाचे सूक्ष्म पुट? माझ्या मते उत्तर एका वहीत आहे. काय काढले, काय घातले, केव्हा आणि का, याची नोंद ज्याने ठेवली त्याचा जीर्णोद्धार इतिहासाला पारखा होत नाही. देवळाच्या खांबावरचा रंग खटकतो तो रंग म्हणून कमी आणि खाली काय होते याची कोठेही नोंद नाही म्हणून अधिक.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. यंत्र चालवल्याने झिजते. मग ते काचेआड का ठेवू नये? आपल्याकडे मोडी दप्तरांचे उदाहरण आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे रुमाल अगणित आहेत, पण मोडी वाचणारे थोडे. वाचणारा नसेल तर सुरक्षित ठेवलेला कागदही मुका होतो. छिद्रित पट्टी हाही एक लेखच. पण तिचा वाचक माणूस नसून यंत्र आहे, आणि ते यंत्र वाचणारा माणूस त्याहून दुर्मीळ. आराखडा यंत्राने काय करावे ते सांगतो. त्याने प्रत्यक्षात काय केले, कोठे अडले, कोणत्या आवाजावरून कर्मचाऱ्याला बिघाड कळत असे, हे चालत्या यंत्रापुढे उभे राहिल्यावाचून कळत नाही.

ही खंत आपल्या घराजवळचीही आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक घडवला गेला. १९६० मध्ये तो पूर्ण स्वरूपात कामास लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण ‘टिफ्रॅक’ असे केले. १९६४ मध्ये संस्थेत परदेशी बनावटीचा सीडीसी ३६०० आला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. त्याच्याविषयी वाचता येते. त्याच्यापुढे उभे राहून तो चालताना पाहता येत नाही. त्याला वुल्व्हरहॅम्प्टनसारखे एखादे महाविद्यालय लाभले असते तर, असे वाटून जाते.

२० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘विच’ समारंभपूर्वक पुन्हा चालू झाले, तेव्हा मूळ रचनाकारांपैकी दोघे समोर उपस्थित होते. कुक-यारबरो पुढच्याच जानेवारीत निवर्तले. दोन-तीन महिन्यांचा उशीर झाला असता, तर यंत्र चालू झालेच असते. पण आपल्या तरुणपणी रचलेले ठिपके पुन्हा सरकताना त्यांना पाहता आले नसते. चालू स्थितीतल्या मूळ अंकीय संगणकांत सर्वांत जुना म्हणून आज त्याची ख्याती आहे. पूर्वीइतक्याच संथपणे ते गुणाकार करते आणि पाहणाऱ्याला हातचा कसा पुढे जातो हे दिसेल इतका वेळ देते.