रुग्णालयातील ऑक्सिजन : जीव वाचवणारी यंत्रणा बिघडते तेव्हा

२१ एप्रिल २०२१. रमजान सुरू होऊन आठवडा झाला होता आणि कोरोनाची दुसरी लाट जोरात होती. नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात दुपारी टँकरमधून ऑक्सिजनची टाकी भरताना गळती सुरू झाली. पांढऱ्या वाफेचे लोट उठले, आत पाईपलाईनमधला दाब उतरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. औषध होतं, डॉक्टर होते. तुटला तो पुरवठा.

म्हणूनच ही यंत्रणा कशी चालते आणि कुठे दगा देते, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

यंत्रणा कशी असते?
मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सियसला द्रवरूपात साठवतात. तिथून त्याचा वायू होऊन तो पाईपने खाटेपर्यंत येतो. पर्यायी सोय म्हणून सिलिंडरची रांग लागते. दाब कमी झाला की अलार्म वाजतो. अलार्म बंद किंवा राखीव सिलिंडर रिकामे असले, तर वेळेवर काहीच हाती उरत नाही.

चार मोठे धोके

१. पुरवठा तुटणे : गळकी जोडणी, खराब व्हॉल्व्ह, संपलेला सिलिंडर.

२. चुकीचा वायू : २०१६ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बँक्सटाऊन-लिडकोम्ब रुग्णालयात ऑक्सिजनच्या तोंडातून भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साईड येत होता. पाईप जोडतानाच चूक झाली होती. एक नवजात बाळ दगावलं, दुसऱ्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा व खांद्याला पांढरा, तर नायट्रस ऑक्साईडचा निळा असतो. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, लेबलही वाचा.

३. आग : ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. २४ एप्रिल २०२१ च्या रात्री बगदादच्या इब्न अल-खतीब रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडरचा स्फोट होऊन आग लागली. ८० हून अधिक माणसं गेली.

४. चुंबक : २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीनने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि त्याचा मृत्यू झाला. एमआरआय मशीन चालू दिसत नसलं तरी चुंबक चालूच असतो. कुणीही सांगितलं, तरी लोखंडी वस्तू आत नेऊ नका.

नातेवाइकांनी काय पाहावं?
रुग्णाला दुसऱ्या वॉर्डात किंवा अ‍ॅम्ब्युलन्सने नेताना सिलिंडर किती भरलाय, हे विचारा. हिशोब सोपा आहे : १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला ५ लिटरने साधारण पाच तास पुरतो, १० लिटरने अडीचच तास. काटा उतरत चालला, फुस्स असा आवाज आला किंवा बाटलीतले बुडबुडे अचानक थांबले, तर लगेच नर्सला बोलवा. स्वतः व्हॉल्व्ह फिरवू नका.

घरी सिलिंडर असेल तर
- त्या खोलीत विडी-सिगारेट, लोबान, अगरबत्ती, मेणबत्ती नको. स्वयंपाकाच्या गॅसपासूनही लांब ठेवा.
- व्हॉल्व्हला तेल, ग्रीस लावू नका. तेलकट हात लावू नका. रुग्णाच्या चेहऱ्यावर व्हॅसलीन, अत्तर, सॅनिटायझर नको.
- सिलिंडर उभा, साखळीने बांधून ठेवा. वापर संपला की व्हॉल्व्ह बंद करा, खिडकी उघडी ठेवा.

कोरोनात अनेक ठिकाणी मशिदी आणि जमातींनी सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर मोफत दिले. ते आजही कुठे पडून असतील, तर तसेच उचलून कुणाला देऊ नका. सिलिंडरवर कोरलेली दाब-चाचणीची तारीख पाहा आणि रेग्युलेटर जाणकाराकडून तपासून घ्या. सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या केंद्राच्या ‘पेसो’ या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडर परवानाधारकाकडूनच भरून घ्यावा. नेकीच्या कामात हलगर्जी झाली, तर मदतच जिवावर बेतते.

डॉक्टरांना, नर्सना शांतपणे प्रश्न विचारणं म्हणजे भांडण नव्हे. “राखीव सिलिंडर भरलेला आहे ना?” एवढं एक वाक्य विचारायला कुणीही संकोच करू नये.