बेकारी भत्ता : ग्रेट ब्रिटनमधील पात्रता-मुलाखत व भत्ताबंदी

बेकार कामगारास विमानिधीतून अथवा राज्याच्या तिजोरीतून ठराविक मुदतीपर्यंत मिळणाऱ्या रोख साहाय्यास बेकारी भत्ता म्हणतात. भत्ता मिळण्यापूर्वी अर्जदाराने अधिकाऱ्यासमोर हजर राहून आपण बेकार आहोत, कामास समर्थ आहोत व काम स्वीकारण्यास तयार आहोत, हे पटवून द्यावे लागते. ह्या भेटीस पात्रता-मुलाखत म्हणतात. अटींचा भंग झाल्याच्या कारणावरून भत्ता काही काळ रोखून धरणे, ही भत्ताबंदी होय. सक्तीच्या राष्ट्रीय बेकारी विम्याचा आरंभ ब्रिटनमध्ये झाल्यामुळे ह्या दोन्ही गोष्टींचा सर्वांत दीर्घ इतिहास त्या देशात सापडतो. भत्ता हा वर्गणी भरून मिळविलेला हक्क आहे, की चांगली वागणूक सिद्ध करून मिळवावयाची सवलत आहे, हा वाद त्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

१९०९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली श्रम विनिमय केंद्रे १ फेब्रुवारी १९१० रोजी उघडली. विल्यम बेव्हरिज हे त्यांचे संचालक होते. त्यांना जोडूनच १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाच्या दुसऱ्या भागाने बेकारी विमा सुरू केला. इमारत-बांधकाम, जहाजबांधणी, यांत्रिक अभियांत्रिकी, लोखंडाचे ओतकाम, वाहननिर्मिती इ. निवडक धंद्यांतील सु. २२·५ लाख कामगारांना तो लागू झाला. कामगार व मालक यांनी आठवड्यास प्रत्येकी अडीच पेनी भरावयाचे आणि त्या दोहोंच्या बेरजेच्या एक-तृतीयांश रक्कम राज्याने घालावयाची, अशी योजना होती. जानेवारी १९१३ पासून आठवड्यास सात शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा आठवडे, याप्रमाणे भत्ता देण्यास आरंभ झाला. कामगाराने आपली तिकिटे चिकटविलेली विमापुस्तिका केंद्रात जमा करावी व तेथील नोंदवहीत सही करावी, एवढ्यावर त्याची बेकारी सिद्ध होत असे. केंद्राकडे जागा असेल तर ती देऊ करून त्याची तयारी अजमावता येई. त्यामुळे लांबलचक उलटतपासणीचे कारणच नव्हते.

तथापि, सबळ कारणाशिवाय काम सोडणाऱ्यास किंवा गैरवर्तनामुळे काढून टाकलेल्यास सहा आठवडे भत्ता मिळू नये, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. योजनेचा आराखडा तयार होत असता व्यापार मंडळाचे अध्यक्ष विन्स्टन चर्चिल यांनी ह्या तरतुदीस विरोध केला होता. ज्याने वर्गणी भरली त्याची नोकरी त्याच्या स्वतःच्या दोषामुळे गेली असली, तरी त्यास भत्ता द्यावा. विम्याच्या गणितात नीतीचा विचार मिसळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाचे चिटणीस ह्यूबर्ट ल्यूएलिन स्मिथ यांना ते मान्य झाले नाही आणि अखेर त्यांचेच मत टिकले. भत्ता नाकारला गेल्यास विमा अधिकाऱ्याविरुद्ध लवादमंडळाकडे दाद मागता येई. त्यावर एक अध्यक्ष आणि मालक व कामगार यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असे. अंतिम निर्णय ‘अंपायर’ ह्या पदावरील अधिकारी देत असे.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या कायद्याने शेती व घरकाम हे व्यवसाय वगळून बहुतेक सर्व कामगारांस विम्याच्या कक्षेत आणले. पाठोपाठ मंदी आली आणि भरलेल्या वर्गणीच्या प्रमाणात भत्ता देण्याचा नियम पाळणे अशक्य झाले. तेव्हा वर्गणी संपलेल्यांना १९२१ मध्ये वाढीव भत्ता देऊ करण्यात आला. परंतु अर्जदार ‘मनापासून पूर्णवेळ कामाचा शोध करीत आहे’ हे त्याने सिद्ध केले पाहिजे, अशी अट घालण्यात आली. १९२४ मध्ये, तीही मजूर पक्षाच्या कारकीर्दीत, ही अट सर्वच अर्जदारांना लागू झाली. पुराव्याचा भार येथे उलटला. जागा देऊ करून तयारी पाहण्याऐवजी जागाच नसलेल्या गावात अर्जदाराने आपली इच्छा सिद्ध करावयाची होती.

मुलाखतीला आजचे जे स्वरूप आहे, त्याची घडण ह्या दशकात झाली. अर्जदारास स्थानिक समितीपुढे बोलावून गेल्या आठवड्यात कोठे कोठे गेलात, कोणत्या दिवशी गेलात, कोणास भेटलात, असे प्रश्न विचारीत. कोळशाच्या खाणींच्या व जहाजबांधणीच्या गावांत कोणत्याही कारखान्यात भरती नाही, हे समितीतील सभासदांसही ठाऊक असे. तरीही दारोदार हिंडल्याची यादी मागितली जाई. अर्जदाराच्या मनाची अवस्था काय आहे हे ठरविणे सर्वांत महत्त्वाचे, असा निर्णय अंपायरने दिल्यावर तर प्रश्नांना मर्यादाच उरली नाही. मनाची अवस्था बोलण्यावरूनच ताडावयाची असल्याने नीट बोलता येणारा तरून जाई आणि भिडस्त, गोंधळणारा किंवा खरे तेच सांगणारा (‘तेथे काम नाही हे माहीत असल्याने गेलो नाही’) नापास होई. मार्च १९२१ ते मार्च १९३० ह्या काळात ह्या एका कारणावरून जवळजवळ ३० लाख अर्ज फेटाळले गेले. एकाच माणसाचे अनेक अर्ज ह्या संख्येत असले, तरी चाचणीचा आवाका तीवरून कळतो.

मुलाखतीची पूर्वतयारी ही स्वतंत्र विद्या होऊन बसली, ती ह्याच काळात. कामगार भेट दिलेल्या कारखान्यांची नावे व तारखा टिपून ठेवीत. काहीजण फाटकावरील अधिकाऱ्याकडून आल्याची चिठ्ठी मागून घेत. वॉल हॅनिंग्टन यांच्या पुढारीपणाखालील बेकार कामगारांच्या राष्ट्रीय चळवळीने नियम समजावून सांगणे व लवादमंडळापुढे अर्जदाराची बाजू मांडणे, ही कामे अंगावर घेतली. मोर्च्यांमुळे ही चळवळ प्रसिद्ध आहे. परंतु सामान्य बेकारास तिचा खरा उपयोग ह्या किचकट व अप्रसिद्ध कामामुळे झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२९ मध्ये मजूर पक्ष पुन्हा अधिकारावर आला व मार्गारेट बाँडफील्ड कामगार मंत्री झाल्या. ब्रिटिश मंत्रिमंडळात प्रवेश करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. त्यांच्या विधेयकाचा मूळ मसुदा अपुरा वाटल्यामुळे आर्थर हेडे आदी स्वपक्षीय सभासदांनीच दबाव आणला आणि १९३० च्या कायद्याने ही अट रद्द झाली. योग्य काम देऊ केले असता अर्जदाराने ते नाकारले, हे यापुढे केंद्रानेच दाखवावयाचे होते. हा दिलासा अल्पजीवी ठरला. १९३१ च्या आर्थिक अरिष्टात भत्त्यात दहा टक्के कपात झाली (पुरुषांचा दर १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला) आणि विम्याची मुदत संपलेल्यांना कुटुंबाच्या ऐपतीची चौकशी लागू झाली. मुलामुलींचा पगार, वृद्धांचे निवृत्तिवेतन, शिल्लक ठेव ही सर्व हिशेबात धरली जात. चौकशी अधिकारी घरी येत असल्याने मुलाखत कचेरीतून स्वयंपाकघरात आली. कुटुंबाची ही चौकशी १९४१ मध्ये बंद झाली. मात्र ब्रिटिश कामगारवर्गाच्या स्मृतीत तिच्याविषयीचा संताप पुढे कित्येक वर्षे टिकून राहिला.

बेव्हरिज अहवालावर (१९४२) आधारलेली योजना ५ जुलै १९४८ पासून अंमलात आली. आठवड्यास २६ शिलिंग भत्ता ठरला आणि भत्ताबंदीची कमाल मुदत सहा आठवडे हीच राहिली. पूर्ण रोजगारीच्या त्या काळात मुलाखतीचा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. १९११ पासून टिकलेली ही सहा आठवड्यांची मर्यादा हुजूर पक्षाच्या सरकारने १९८६ मध्ये तेरा व १९८८ मध्ये सव्वीस आठवड्यांपर्यंत वाढविली. १९८६ मध्येच दीर्घकाळ बेकार असणाऱ्यांस सक्तीने मुलाखतीस बोलावणे सुरू झाले. १९८९ च्या कायद्याने ‘सक्रियपणे काम शोधण्याची’ अट घालून १९३० मध्ये काढून टाकलेली कसोटी वेगळ्या शब्दांत परत आणली. ऑक्टोबर १९९६ पासून बेकारी भत्त्याचे ‘कामशोधक भत्ता’ असे नामांतर झाले, वर्गणीवर आधारित भत्त्याची मुदत बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आली आणि अर्जदाराने लेखी करारावर सही करणे आवश्यक ठरले. २०१२ मध्ये गंभीर समजल्या जाणाऱ्या तिसऱ्या कसुरीस १५६ आठवडे, म्हणजे पूर्ण तीन वर्षे, भत्ताबंदीची तरतूद झाली. ती २०१९ मध्ये मागे घेण्यात येऊन कमाल मुदत पुन्हा सव्वीस आठवडे करण्यात आली.

२०१३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ह्या एकत्रित भत्त्यात अर्ज सामान्यतः संगणकावरून करावयाचा असतो. त्यानंतरच्या पहिल्या मुलाखतीस ओळखीचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, घरभाड्याचा करार, तसेच आजार किंवा मुलांची जबाबदारी असल्यास तिची कागदपत्रे न्यावी लागतात. ह्या मुलाखतीस न गेल्यास अर्जच निकाली काढला जाऊ शकतो. अर्जदाराने दर आठवड्यास काय करावयाचे, याचे बंधपत्र तेथे ठरते व ते स्वीकारल्याखेरीज पैसे मिळत नाहीत. सर्वसाधारण अपेक्षा आठवड्यास ३५ तास कामशोधाची असते. परंतु प्रकृती, लहान मुलांचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा यांमुळे ती कमी करता येते. म्हणून अडचणी पहिल्याच भेटीत सांगून त्या बंधपत्रात लिहवून घेणे हिताचे असते. न झेपणारे बंधपत्र निमूटपणे स्वीकारणे हे पुढील भत्ताबंदीचे एक नेहमीचे कारण आहे. आपल्या पूर्वीच्या धंद्यातीलच काम शोधण्याची मुभा पूर्वी तीन महिने असे. २०२२ मध्ये ती चार आठवड्यांवर आणली गेली. पहिली रक्कम हाती पडण्यास साधारणतः पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी मिळणारी उचल पुढील हप्त्यांतून वळती केली जाते.

ठरलेली भेट चुकल्यास प्रमाणित भत्त्याची रक्कम रोखली जाते व अर्जदार पुन्हा हजर झाल्यानंतरही सात दिवस ती बंद राहते. दुसऱ्या व तिसऱ्या वेळी ही मुदत वाढते. कामशोधात कसूर केल्यास प्रथम २८ व नंतर ९१ दिवस, तर नोकरी नाकारल्यास वा कारणाशिवाय सोडल्यास ९१ व पुढे १८२ दिवस भत्ता थांबतो. घरभाड्याचा व मुलांचा भाग सहसा कापला जात नाही. आजार, निकटच्या आप्ताचा मृत्यू, पत्र न पोहोचणे अशी ‘योग्य कारणे’ पुराव्यासह व वेळेवर कळविल्यास भत्ताबंदी टळू शकते. १९२० च्या दशकातील चिठ्ठ्यांची जागा आता अर्जांच्या प्रती आणि संगणकीय रोजनिशीतील नोंदी यांनी घेतली आहे. निर्णय अमान्य असल्यास प्रथम खात्याकडे पुनर्विचार मागावा लागतो व त्यानंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येते.

या पद्धतीवर टीकाही बरीच झाली आहे. शासननियुक्त ओकली समितीने २०१४ मध्ये खात्याची पत्रे दुर्बोध असल्याचे आणि दुर्बल अर्जदारांना नियमच उमगत नसल्याचे नमूद केले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१६ च्या अहवालानुसार २०१५ ह्या एका वर्षात १३·२ कोटी पौंड भत्ता रोखण्यात आला व त्याच अर्जदारांना ३·५ कोटी पौंड हलाखी-साहाय्य म्हणून द्यावे लागले. केन लोच यांच्या आय, डॅनियल ब्लेक (२०१६) ह्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या चित्रपटाने हा विषय सर्वसामान्यांपर्यंत नेला.

भारतात सर्वांसाठी बेकारी विमा नाही. राज्य कामगार विमा योजनेतील विमेदारांस बेकारीत मर्यादित काळ साहाय्य मिळण्याची सोय २००५ व २०१८ च्या योजनांनी केली. महाराष्ट्राच्या रोजगार हमी अधिनियमाने (१९७७, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून) मात्र प्रश्नाची मांडणीच फिरविली. मजुराने काम मागावयाचे, ते पंधरा दिवसांत शासनाने द्यावयाचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. काम शोधल्याचा पुरावा मजुराकडे मागण्याचे कारण नाही. ह्याच धर्तीवरील २००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमातही भत्ताबंदीचे कलम होते. दिलेले काम न स्वीकारणाऱ्या वा कळविल्यापासून पंधरा दिवसांत कामावर हजर न होणाऱ्या मजुराचा भत्त्यावरील हक्क त्यानुसार तीन महिने स्थगित होत असे.