जात्यावरचा डौल

साल 1507. इटलीतलं उर्बिनो. बाल्दासारे कास्तिल्योनेच्या ग्रंथातून वाट काढत तुम्ही राजवाड्यातल्या बैठकीत येऊन बसला आहात. उत्तम दरबारी कसा असावा, यावर गप्पा रंगल्या आहेत. काउंट लुडोविको म्हणतो, तलवार चालवा, नाचा, बोला. पण त्यामागची मेहनत कुणाच्या नजरेला पडू देऊ नका. या कमावलेल्या सहजतेला तो ‘स्प्रेत्झातुरा’ म्हणतो. 1528 मध्ये हा ग्रंथ व्हेनिसला छापून येईल आणि युरोपभरचे उमराव सहज दिसण्याचा सराव करू लागतील.

आता चारशे वर्षं पुढे या, खानदेशात. जळगावचा चौधरी वाडा, भल्या पहाटेची वेळ. बहिणाबाई जात्याशी बसल्या आहेत. आसोद्याच्या महाजनांची ही लेक तेराव्या वर्षी या घरात आली, तिशीत विधवा झाली. अक्षरओळख नाही, शेत आणि घर दोन्ही अंगावर.

जरा जवळ सरका. उजवा हात खुंट्यावर, डावा हात मूठभर ज्वारीची वैरण जात्याच्या तोंडात सोडतो. हात फिरताना क्षणभरही अडत नाही. पाळीभोवती पीठ साचत जातं. कपाळावर घाम आहे, खांदा भरून आला आहे, आणि त्याच फेऱ्यांवर ओवी चालली आहे: माहेर, पेरणी, पाखरं, माणसाचं मन. एकही शब्द शोधून आणल्यासारखा वाटत नाही.

काउंटला कष्ट झाकायचे होते. इथे ते तुमच्या डोळ्यांदेखत चालले आहेत आणि गाण्याचा डौल त्यांच्यातूनच उठतो आहे. वर्षानुवर्षं फिरलेल्या हाताची लय ओवीत उतरली आहे, म्हणून ती इतकी हलकी वाटते.

मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यातली काही गाणी टिपून घेतात. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई जातात. वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडते, ते हरखून जातात आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्रासमोर येतात.

ती मनातल्या मनात वाचू नका. खणखणीत आवाजात म्हणा, म्हणजे कोणत्या अक्षरावर खुंटा वळला असेल, ते तुमच्याच जिभेला कळेल.